राणीची बाग: पेन्सिल घेऊन जाणाऱ्यांसाठी

मुंबईत भायखळ्याला असलेल्या राणीच्या बागेबद्दल लोक जे लिहितात त्यात पेंग्विन असतात, रविवारची गर्दी असते आणि गाडी कुठे लावायची याची चर्चा असते. त्यात माझी भर पडायचं कारण वेगळं आहे. मी चित्रकलेची शिक्षिका. परळच्या एका मराठी शाळेत नोकरी झाली, आता घरी एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी मुलं येतात. त्यांना मी बागेत नेते ती प्राणी दाखवायला नाही, काढायला. तेव्हा या परीक्षणात मुलं किती खूश झाली, सेल्फीला जागा कुठे, असलं काही मिळणार नाही. कुठला प्राणी किती वेळ एका जागी बसतो, प्रकाश कुठून येतो आणि कागदावर उतरवायला घेतल्यावर त्या प्राण्याचं काय नव्याने कळतं, एवढंच सांगते.

आधी पैशांचं. मोठ्यांना ५० रुपये, लहानांना २५, आणि आईवडील व दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर १००. हे दर २०१७ पासूनचे. त्याआधी ५ रुपयांत आत जाता यायचं, त्यामुळे दर वाढले तेव्हा आमच्या लालबाग-परळ भागात बरीच कुरकुर झाली. मीही केली. पण पेंग्विनचं वेगळं तिकीट नाही, सगळं यातच येतं, आणि ५३ एकरांची बाग दिवसभर तुमची. मुंबईत ५० रुपयांत झाडाखाली दिवस काढता येईल अशी जागा दुसरी दाखवा.

आता पेंग्विन. न्यायच्या आदल्या दिवशी मी मुलांकडून पेंग्विनचं स्मरणचित्र काढून घेते. सगळ्यांच्या कागदावर बर्फ असतो. मागे निळे डोंगर, एखाद्याचा इग्लूसुद्धा. पेंग्विन काळा-पांढरा, चोच पिवळी. दुसऱ्या दिवशी काचेसमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न येतो, "बाई, यांच्या तोंडाला गुलाबी काय लागलंय?"

लागलेलं काही नाही. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत आणि चोचीच्या बुडाशी, डोळ्यांपर्यंत त्यांची कातडी उघडी, पिसांविना असते. अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती जागा. म्हणजे हा पेंग्विन उकाड्याचा बंदोबस्त करून बसलेला पक्षी आहे. त्याचं घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. समुद्रातून दक्षिणेकडचा गार प्रवाह वर येतो, त्यात मासळी भरपूर, आणि किनाऱ्याच्या मागे लगेच वाळवंट, जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटांपैकी एक. निवडुंगाच्या आसपास हिंडणारा पेंग्विन काढा म्हटलं की मुलं हसतात, पण हम्बोल्टच्या बाबतीत तेच खरं चित्र आहे.

त्याच्या दुर्मीळपणाची गोष्ट मला शाळेतल्या कुठल्याही इतिहासाच्या धड्यापेक्षा जास्त आवडते, म्हणून मुलांना रांगेत उभं असतानाच सांगते. त्या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर हजारो वर्षं साचले होते. पाऊस नाही, त्यामुळे वाहून जायचा प्रश्न नाही. त्या थरांत बीळ करून हे पेंग्विन अंडी घालायचे. एकोणिसाव्या शतकात युरोपला कळलं की ही विष्ठा शेतीला उत्तम खत आहे. मग जहाजं भरभरून ती खणून नेली. पेरूला त्यातून पैसा मिळाला, पेंग्विनची बिळं गेली. वर एल निनोच्या वर्षी समुद्र तापतो, मासळी खोल किंवा लांब जाते आणि पिल्लं उपाशी राहतात. आज जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे.

भायखळ्याला आलेले आठ जण जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. लोकांना ते बघता आले मार्च २०१७ पासून. मधल्या काळात पेंग्विनवरून जे राजकारण रंगलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मला पडायचं नाही. १५ ऑगस्ट २०१८ ला इथे पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. भारतात जन्मलेला पहिला पेंग्विन म्हणून केवढं कौतुक झालं, आणि आठवड्याभरात ते गेलंही. नंतरची पिल्लं मात्र जगली. डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह ही आधीच्यांची नावं, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांच्या आज्यांनाही आता कार्टूनमधली पात्रं पाठ झाली आहेत.

काढायला पेंग्विन कठीण. पाण्यात तो पंख मारत जातो, म्हणजे पोहतो म्हणण्यापेक्षा उडतोच, आणि तुम्ही मान वळवेपर्यंत दुसऱ्या टोकाला. मी मुलांना सांगते की पोहणाऱ्याच्या मागे लागू नका. कोपऱ्यात एकटा, जरा विस्कटलेला, पाण्यात न उतरणारा कोणी दिसला तर तो आपला. तो आजारी नसतो, त्याची पिसं झडत असतात. पेंग्विनची सगळी पिसं एकाच हंगामात गळतात आणि नवी येतात, त्या दोन-तीन आठवड्यांत अंगात पाणी शिरू शकतं म्हणून तो काठावर उभा राहतो. याच्याइतका चांगला मॉडेल मिळायचा नाही. एकदा आम्हाला असा एक मिळाला, आमच्या सातवीतल्या मुलाने त्याची इतकी चित्रं काढली की वही संपली.

छातीवरचा काळा पट्टा मोजायचा. हम्बोल्टला एकच असतो, घोड्याच्या नालासारखा वळून दोन्ही कुशींवर उतरणारा. त्याच्या जवळच्या नात्यातल्या मॅगेलॅनिक पेंग्विनला दोन. मुलं उत्साहात दोन काढतात, कधी तीन. मग परत बघायला लावायचं.

पाणी अर्ध्यावर असलेल्या काचेतून पाहिलं की पेंग्विनचं वरचं अंग आणि खालचं अंग एकमेकांना जुळत नाही, तुटल्यासारखं दिसतं. विज्ञानाच्या पुस्तकात पेल्यातली पेन्सिल वाकडी दिसते त्याची आकृती असते. इथे अख्खा पक्षी वाकडा दिसतो. मोठी माणसं ते दुरुस्त करून काढतात. लहान मुलं जसं दिसतं तसं काढतात, आणि त्यांचंच बरोबर असतं.

आतमध्ये १६ ते १८ अंशांचा गारवा राखलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात तिथून बाहेर यायला कोणी तयार नसतं. पण रांग सरकत असते, बसायला मिळत नाही. आडवारी, सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलात तर काचेला नाक लावून उभं राहता येतं. शनिवार-रविवारी तीस सेकंदांत एक रेषा ओढता आली तरी नशीब समजा.

पेंग्विनमधून बाहेर पडल्यावर बहुतेक कुटुंबं वाघाकडे पळतात. वाघावर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून जोडी आली तेव्हापासून तिकडची गर्दी पेंग्विनशी बरोबरी करते, एवढं सांगून पुढे जाते. माझी मुलं मी अस्वलाकडे वळवते.

अस्वलाचं माझं जुनं नातं. आमच्या चाळीत दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकातून दोरी, हातात डमरू, आणि खाली चौकात दोन पायांवर नाचणारं ते प्रचंड काळं जनावर. बायका बाळाच्या ताईतासाठी अस्वलाचे केस मागून घ्यायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. आजारी पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हे बेकायदा ठरलं, पण कायदा चाळीत पोचायला बरीच वर्षं लागली. आम्हा पोरांना ते फक्त नाचणारं अस्वल वाटायचं. ते भारताबाहेर फक्त नेपाळ-श्रीलंकेच्या आसपास सापडतं, त्याची संख्या कमी होत चालली आहे, असं काही कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याचं तोंड नीट कुणी बघितलं नव्हतं, कारण तोंडात दोरी होती.

तोंडच बघण्यासारखं आहे. लांबट, राखाडी, केस नसल्यासारखं, ओठ पुढे काढता येतील असे सैल. वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात त्याला नसतातच. वारुळ नख्यांनी फोडायचं, नाकपुड्या मिटून घ्यायच्या म्हणजे माती आत जात नाही, आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. जंगलात तो आवाज लांबवर ऐकू येतो म्हणतात. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या लांब नख्या आणि नसलेले दात पाहून त्याला थेट दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या घरात टाकून दिलं. पुढे ते चूक निघालं, 'स्लॉथ बेअर' हे नाव मात्र इंग्रजीत चिकटून राहिलं.

बागेतली अस्वलं शिवा आणि शिवानी सुरतहून आणलेली. दोरी नाही, डमरू नाही. दुपारी बहुधा आडवी पडलेली असतात, सकाळी उकराउकरी चालते. चित्राच्या दृष्टीने इथे एक धडा फुकट मिळतो. काळा प्राणी दिला की मुलं कागदावर काळा खडू दाबून घासतात आणि उरतो एक डाग. अस्वलाच्या अंगावर ऊन पडलेलं असताना बसायचं आणि जिथे केस चमकतात तिथला कागद कोरा सोडायचा. काळं काढायचं म्हणजे पांढरं कुठे सोडायचं ते ठरवायचं, हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल, कळलं ते अस्वलापुढे. शेवटी छातीवरची पांढरी खूण. तिथे खडू लावायचाच नाही.

तिथून तरस. याच्यापुढे गर्दी नसते. लोक येतात, पाटी वाचतात, "हा तो हसणारा ना?" म्हणतात आणि जातात. हसणारा तो नव्हे. हसल्यासारखा आवाज काढतं ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस, टोळीने राहणारं. आपलं पट्ट्यांचं. ते बहुधा एकटं हिंडतं आणि फारसा आवाज करत नाही. घाबरलं किंवा चिडलं की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी करतं आणि आहे त्याहून बरंच मोठं दिसतं.

मुलांच्या पहिल्या चित्रात तरस म्हणजे पट्टे मारलेला कुत्रा असतो. काही तरी चुकलंय हे त्यांनाही कळतं पण काय ते सापडत नाही. मी पट्टे, डोळे, कान सगळं विसरायला सांगते. फक्त पाठीची रेषा काढा. खांद्यापासून कंबरेपर्यंत ती उतरत जाते, कारण पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब. मान जाड, डोकं जड, जबडा हाडं फोडणारा, म्हणजे सगळा भार पुढे. ही एक रेषा जमली की पट्टे न काढताही तरस ओळखू येतं. नाही जमली तर पट्टे काढून उपयोग नाही.

आणि हा प्राणी आपला आहे. पुणे, नगर, साताऱ्याकडच्या मुरमाड टेकड्यांत, माळरानांवर आजही आहे. रात्री बाहेर पडतो, मेलेली गुरं खातो, हाडंसुद्धा शिल्लक ठेवत नाही. माळ गेले, तिथे प्लॉट पडले, रस्ते झाले, रात्री गाडीखाली येतो, कुठे बिबट्या समजून लोक मारतात. मुंबईतल्या पोराला पेरूचा पेंग्विन नावानिशी माहीत असतो आणि आपल्या आजोळच्या डोंगरातलं तरस त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत: राणीच्या बागेत जाऊन तुम्ही एकाच प्राण्यापुढे अर्धा तास बसणार असाल तर तरसापुढे बसा. दुपारी ते झोपलेलं असतं. झोपलेला प्राणी बघायला कंटाळवाणा, पण काढायला सोन्याहून पिवळा.

पाणघोड्याचा धडा छोटा आहे, तो मगरीबरोबरच घेते. पाणघोडा पाण्यात असला की वर दिसतात फक्त कान, डोळे आणि नाकपुड्या. तिन्ही डोक्याच्या माथ्यावर, एका रेषेत. बाकीचं जनावर पाण्यात बुडवून ऐकता, बघता आणि श्वास घेता येतो. आता मगरीकडे या. डोळे माथ्यावर, नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला वर. एक दूध पाजणारा, दुसरी अंडी घालणारी, एकमेकांचा काही संबंध नाही, पण पाण्यात दडून राहायचं म्हटल्यावर दोघांनीही चेहऱ्याची मांडणी एकच केली. दोन्ही चित्रं एका पानावर शेजारी काढायला लावली की मुलं स्वतःच बोट ठेवतात. पाणघोड्याच्या कातडीतून लालसर द्रव पाझरतो, त्याला लोक रक्त समजून घाबरतात. तो त्याचा उन्हापासून बचाव आहे. हरणांकडे, चितळ-काळविटांकडे मी फार रेंगाळत नाही. सुंदर आहेत, पण सतत कान हलवतात.

पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात माणसं आत शिरतात आणि पक्षी डोक्यावरून उडतात. जानेवारी २०२० पासून हे सुरू झालं. डोक्यावर टोपी ठेवा, कारण सांगायला नको. इथला माझा आवडता मॉडेल म्हणजे चित्रबलाक. नावातच चित्र आहे आणि वागणूकही तशीच: एका पायावर, मान आत ओढून, पोझ देणाऱ्या मॉडेलसारखा, आपल्यावर उपकार करत उभा राहतो. पिवळी लांब चोच टोकाशी किंचित वाकलेली, पाठीमागच्या पिसांत गुलाबी रंग. तो गुलाबी दिसायला ऊन तिरकं हवं, म्हणजे सकाळ किंवा चारनंतर. वरच्या जाळीची सावली पक्ष्यावर आणि कागदावर दोन्हीकडे पडते. काही मुलं ती सावलीही काढतात. मी काढू देते.

बागेच्या हजेरीपटावर नसलेली मंडळीही इथे आहेत. उंच झाडांवर मोठी वटवाघळं लटकलेली असतात, दिवसाढवळ्या, शेकड्याने. तिकीट, पाटी, काच काही नाही. मान वर केली की दिसतात, पण मान कोणी वर करत नाही. पंख गुंडाळून उलटी लटकलेली, अधूनमधून एखादं पंखाने वारा घेणारं. कागद उलटा धरून काढायचा खेळ मुलांना आवडतो.

आणि झाडांचं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण ही बाग मुळात झाडांची. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून उघडली तेव्हा वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. आफ्रिकेतली गोरखचिंच इथे आहे, अवाढव्य बुंध्याची, जिचं खोड काढताना कागद अपुरा पडतो. कैलासपती आहे, ज्याची फुलं फांद्यांना न लागता थेट खोडातून फुटतात. आणि उर्वशी आहे. मूळची म्यानमारची, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लाल-पिवळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. तिच्या प्रजातीत (जीनसमध्ये) ती एकच जात, दुसरं भावंड नाही, आणि रानात ती आता जवळपास सापडतच नाही. अख्ख्या बागेत सगळ्यात दुर्मीळ जीव कुठला असं कोणी विचारलं तर मी पेंग्विनकडे बोट न दाखवता या झाडाकडे दाखवेन. तिच्या समोर रांग नसते.

आता तक्रार, आणि ती प्रेक्षकांची आहे. काचेवर टकटक करणारे. एक गृहस्थ मोटारसायकलची किल्ली काचेवर आपटत होते, बिबट्याने त्यांच्या मुलाकडे बघावं म्हणून. मी म्हटलं, "काका, तुमच्या घराच्या खिडकीवर कोणी दिवसभर किल्ली आपटली तर तुम्ही काय कराल?" ते म्हणाले, "मॅडम, पोराला दाखवायचंय." पोरगं तेवढ्यात आमच्या मुलीच्या वहीत डोकावत होतं. शिट्ट्या मारणं, वाघासारखी डरकाळी फोडणं, झोपलेल्या प्राण्याला "अरे ऊठ ना" म्हणून ओरडणं, हे सगळं अगदी सुशिक्षित माणसंही करतात. झोपलेला प्राणी म्हणजे पैसे वाया, असा हिशोब असतो. तो फुकट गेलेला प्राणी नाही हो. तरस, बिबट्या हे रात्रीचे प्राणी, दुपारी झोपणं हेच त्यांचं नीट वागणं.

यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे कागद. एखादं मूल मांडी घालून काढत बसलं की आजूबाजूची माणसं आपोआप आवाज खाली आणतात. आधी वहीत बघतात, मग प्राण्यात, मग पुन्हा वहीत. "पाय जरा लांब झालाय गं," असं म्हणतात. म्हणजे त्यांनीही पाय बघितला. आमच्या मागे उभं राहून लोकांनी तरस जितका वेळ पाहिलं तितका वेळ पाटी वाचूनही कोणी पाहिलं नसतं. पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा प्रेक्षकांचा, बागेने तो मनाला लावून घेऊ नये.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं, लहान मुलं असतील तर बस किंवा टॅक्सी करा. सामान कमीत कमी: क्लिपचं पॅड, साधा कागद, ४बी आणि ६बी पेन्सिल. जलरंग नेऊ नका, पाण्याची बाटली प्यायला ठेवा. खोडरबर मी मुलांकडून घराच्या दारातच काढून घेते. प्राणी हलला की आधीची रेषा खोडायची नाही, तिथेच दुसरं चित्र सुरू करायचं. एका पानावर एकाच तरसाच्या आठ अर्धवट पाठी चालतात. पावसाळ्यात बाग फार देखणी असते आणि प्राणीही जरा तरतरीत असतात, पण कागद दमट होतो, त्या दिवसांत खडूऐवजी बॉलपेन बरं.

वेळ उरला तर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात या. तिथे दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीच्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलताना त्याचे तुकडे झाले, १९१४ मध्ये ते जोडून इथे उभा केला. कान न हलवणारा, काच नसलेला, सांधे दिसणारा हत्ती, नवशिक्यांनी सुरुवात याच्यापासूनच करावी. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा मूळ पुतळाही १९६५ पासून या बागेतच आहे, फोर्टातल्या ज्या चौकाला त्याचं नाव आहे तिथे नाही. घोड्याचे पाय काढायचा सराव इथे होतो, वर बसलेला राजा सोडून दिला तरी चालतो.

बाग आणि संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात.